गोधडी शिवताना खाली दोऱ्याचा गुंता होतो, टाके सुटतात: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

आमच्याकडे बाळ येणार अशी बातमी आली की बाळंतविड्याची वाटणी ठरलेली असते. झबली-टोपरी नणंद शिवते, मोजे आणि स्वेटर जाऊबाई विणतात आणि गोधडी माझी. बावीस वर्षं मी त्या शिवते आहे, आधी सासूबाईंच्या काळ्या पायमशीनवर आणि आता मोटारीच्या मशीनवरही. इतक्या वर्षांत मशीनने दिलेला त्रास बहुतेक वेळा एकच आहे. गोधडी मशीनखाली घातली की खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, नाहीतर मधले मधले टाके सुटतात. त्याच मशीनवर आदल्या दिवशी ब्लाउज सुरेख शिवला गेलेला असतो, त्यामुळे काय बिघडलं ते कळत नाही. भाच्या, पुतण्या, शेजारणी, सगळ्यांचे फोन याच तक्रारीचे, आणि तेही बारसं चार दिवसांवर आलेलं असताना.

मोठ्यांच्या पांघरुणात एखादा टाका सुटला तर चालून जातं. बाळाच्या गोधडीत चालवून घेऊ नका. सुटलेला टाका म्हणजे मोकळा दोरा, आणि असा दोरा बाळाच्या हाता-पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर फास बसतो. बाळ फक्त रडतं, आणि गुंडाळून ठेवलेला पाय उघडून बघायचं कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून खालची बाजू वरच्या बाजूइतकीच स्वच्छ हवी.

आधी दोष ओळखा

चार-पाच बोटं शिवून थांबा, गोधडी उलटी करा आणि नीट बघा. खाली दोऱ्याचा झुपका किंवा मोकळ्या फाशांची रांग दिसत असेल तर तो वरच्या दोऱ्याचा दोष आहे. हे वाक्य मी फोनवर सगळ्यात जास्त वेळा सांगितलं असेल. गुंता खाली दिसतो म्हणून प्रत्येकजण बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) काढून बसते, तिच्या डबीचा स्क्रू पिळते आणि चांगली चाललेली बॉबिन बिघडवते. वरचा दोरा ताणात नसला की तो वर ओढला जात नाही, सगळा खालीच साठतो. याउलट खालचा दोरा ठिपक्यांसारखा वर आलेला दिसला, तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिनचा कमी.

टाके मधेच सुटत असतील, म्हणजे चार टाके बरोबर आणि मग एक लांब उडी, तर संशय सुईवर घ्या. ठिगळांचे जोड जिथे एकमेकांवर येतात तिथेच सुटत असतील तर सुई आणि जाडी दोन्ही. दोरा तुटत असेल तर त्याचं टोक बघा. पिंजून, तंतू निघून तुटला असेल तर तो कुठेतरी घासतो आहे. एका झटक्यात तुटला असेल तर ताण जास्त आहे किंवा दोराच कुजला आहे. आणि खटखट आवाज येत असेल, सुई धातूवर आपटत असेल, तर पुढचं काही न करता सरळ शेवटचा भाग वाचा.

फुकटातली तपासणी

सगळा वरचा दोरा काढून टाका आणि फूट (कापड दाबून धरणारा सुईजवळचा भाग) वर उचलून पुन्हा ओवा. फूट वर असताना टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि दोरा मधे जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर तो चकत्यांच्या वरून नुसता घसरतो. बाहेरून बघताना सगळं बरोबर ओवलेलं दिसतं, पण ताण शून्य असतो. खात्री करायची तर सुईत ओवण्याआधी दोरा हाताने ओढून बघा. फूट वर असताना तो सहज सुटला पाहिजे, फूट खाली केल्यावर अडला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सुटत असेल तर दोष सापडला. मला आलेले निम्म्याहून जास्त फोन इथेच संपले आहेत.

ओवताना दोरा वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून गेला आहे का तेही बघा. ही दांडी प्रत्येक टाक्याला दोरा वर खेचून घेते. दोरा तिच्यातून निसटला की पहिल्या पाच टाक्यांतच खाली गोळा होतो.

शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं फुटाखालून मागे घ्या, साधारण वीतभर ठेवा आणि पहिले तीन-चार टाके होईपर्यंत बोटाने धरून ठेवा. सोडली तर मशीन तीच टोकं खाली ओढतं आणि सुरुवातीलाच घरटं होतं. गुंता फक्त सुरुवातीला होत असेल आणि पुढची शिवण चांगली येत असेल, तर एवढंच कारण आहे.

पायमशीनवाल्यांसाठी एक जादाची गोष्ट. चाक उलट फिरलं की दोरा हमखास गुंततो. गोधडी जड असते, पाय अडखळतो, आणि परत सुरू करताना चाक अर्धा वळसा मागे जातं. म्हणून प्रत्येक वेळी चाकाला आधी हाताने आपल्याकडे फिरवून गती द्या, मग पाय दाबा. पट्टा सैल असेल तर जाड जागी मशीन अडतं आणि हेच पुन्हा पुन्हा होतं. पट्टा थोडा कापून आखूड करून परत जोडता येतो.

मग बॉबिन बाहेर काढा. दोरा सारखा, घट्ट भरलेला आहे का? एका बाजूला फुगलेली किंवा मऊ भरलेली बॉबिन कधी ओढते, कधी सोडते. अर्ध्या उरलेल्या निळ्या दोऱ्यावरच पांढरा भरायची सवय अनेकींना आहे, तीही सोडा. दोरा बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीच्या, चिरेतून पत्रीखाली गेला पाहिजे. केस हातात धरून दोरा ओढला तर थोडा अडत पण एकसारखा आला पाहिजे. बॉबिन त्याच मशीनची हवी. दिसायला सारख्या दोन बॉबिनांच्या उंचीत किंचित फरक असला तरी ती आत डगडगते.

सुई

यावर मी थोडी जास्त थांबते, कारण गोधडीतल्या सुटलेल्या टाक्यांचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघालं आहे.

टाका कसा पडतो ते एकदा समजून घ्या. सुई तळाला जाते आणि दोनएक मिलिमीटर वर उचलली जाते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा लहानसा फासा फुगतो. शटलचं, म्हणजे बॉबिनभोवतीच्या फिरत्या भागाचं, टोक नेमकं त्या क्षणी येऊन तो फासा पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवतं. सुई जराशी वाकली असेल, बोथट असेल किंवा पूर्ण वर बसलेली नसेल, तर फासा जागेवर नसतो. शटल रिकामं जातं आणि टाका सुटतो. ब्लाउजच्या दोन थरांतून वाकडी सुईही कशीबशी निभावते. जुन्या सुती साडीचे चार थर, वर ठिगळं, त्यांच्या दुमडी, एवढं सगळं भेदताना ती आणखी वाकते. ब्लाउजला चालणारं मशीन गोधडीला का अडतं, त्याचं उत्तर हेच.

म्हणून प्रत्येक गोधडीला नवी सुई. चहाच्या एका कपापेक्षा महाग पडत नाही. जुनी सुई सरळ आहे की नाही हे बघायला तिची चपटी बाजू काचेवर टेकवा. सुई आणि काच यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे.

नंबरही बघा. ब्लाउजला आपण ११ किंवा १४ नंबर वापरतो. गोधडीच्या तीन-चार सुती थरांना १६ लागतो. मधे लोकरीची शाल किंवा जाड चादर घातली असेल तर १८. बारीक सुई जाड थरात वाकते, आणि बारीक भोकात जाड दोरा घासून पिंजतो. उलट दोन थरांच्या मलमलच्या दुपट्याला १६ लावली तर कापडात भोकं दिसतात, तिथे ११ किंवा १४ बरी.

सुई कशी बसवायची याचा एक नियम सगळ्या मशीनना लागू पडतो. सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने सुईत शिरतो, त्या बाजूला ती खाच आली पाहिजे. चपटी बाजू त्याच्या बरोबर विरुद्ध. उलटी बसवली तर एकही टाका धड पडत नाही. सुई वर अडेपर्यंत ढकला, मग स्क्रू आवळा. दुकानात जाताना जुनी सुई सोबत न्या. कारखान्यातल्या मशीनच्या सुईचा दांडा गोल असतो, घरगुती मशीनच्या सुईला एक बाजू चपटी असते. पुड्यांवरची नावं बघून फसायला होतं, आणि गर्दीच्या वेळी दुकानदार हाताला येईल तो पुडा देतो.

आणि सुई मोडली तर? तिथेच थांबा. टोक, मधला तुकडा, दांडा, सगळे भाग सापडून जुळल्याशिवाय पुढे एक टाकाही घालू नका. मी काचेच्या झाकणात तुकडे एकमेकांना लावून बघते, मग गोधडीवरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवते. एकदा टोक सापडलं नाही. तीन थरांची जवळजवळ पूर्ण झालेली गोधडी होती. उसवून थर वेगळे केले, तरी सापडलं नाही. ती गोधडी मी बाळाला दिली नाही. भाचीला वाईट वाटलं, पण मी दुसरी शिवून दिली, बारसं झाल्यावर.

दोरा आणि कापड

जुनं रीळ असेल तर हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखा तुटला तर तो फेका. सुती दोरा दमट हवेत कुजतो. कोकणातल्या माझ्या जावेच्या पेटीतली रिळं दोन पावसाळ्यांत निकामी होतात. हाताने धावदोरा घालायचा जाड, चिवट दोरा मशीनला लावू नका, तो चकत्यांत बसत नाही. वरचा आणि खालचा दोरा शक्यतो एकाच जाडीचा ठेवा.

कापडाचा दोष मशीनच्या माथी मारला जातो, हेही मी पुष्कळदा पाहिलं आहे. नव्या सुती कापडाला खळ असते. खळीत सुई घासते, गरम होते, फासा नीट सुटत नाही. शिवाय नवं कापड पहिल्या धुण्यात आकसतं आणि जुनी साडी आकसत नाही, मग गोधडीला चुण्या पडतात आणि दोष शिवणीला लागतो. नवं कापड आधी गरम पाण्यात धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. आजीची नऊवारी मिळाली तर सोनं! शेकडो धुण्यांनी ती आधीच मऊ झालेली असते, आणि आठ मीटरच्या आसपास कापड मिळाल्याने बाळाच्या गोधडीचे सगळे थर एकाच साडीतून निघतात. फक्त विरलेला भाग प्रकाशात धरून बघा आणि तो टाळून कापा. काठ जरीचा असेल तर तो मशीनखालीही नको आणि बाळाच्या अंगालाही नको, टोचतो.

थर आधी हाताने मोठ्या टाक्यांनी जोडून घ्या, वीतभर अंतरावर उभे-आडवे. नाहीतर खालचा थर मशीनच्या कापड सरकवणाऱ्या दातांबरोबर पुढे जातो, वरचा फुटापाशी अडतो, आणि शेवटी कोपरा तिरका निघतो. टाक्याची लांबी वाढवा, साधारण ३ ते ४ मिलिमीटर. बारीक टाका जाड थरात रुततो आणि मशीनला अडवतो.

गोधडी टेबलाखाली लोंबकळू देऊ नका. तिचं वजन सुईला मागे ओढतं, सुई वाकते, टाका सुटतो, कधी सुई खालच्या स्टीलच्या पट्टीवर आपटून मोडते. मी डावीकडे स्टूल आणि मागे खुर्ची ठेवते. मागून कापड ओढणं हीसुद्धा त्याच जातीची चूक. दात नेतील तेवढंच कापड जाऊ द्या. जोडांवर पाय किंवा मोटार थांबवून चाक हाताने फिरवा. चार टाके हाताने फिरवायला दहा सेकंद लागतात. फुटाचा दाब कमी असेल तर सुई वर येताना कापडही सोबत उचललं जातं आणि फासा तयारच होत नाही. फुटाच्या दांड्यावरचा स्क्रू थोडा आवळून बघा.

साफसफाई आणि तेल

जुन्या सुती कापडाचा भुसा, म्हणजे बारीक तंतू, फार पडतो. एका गोधडीत बॉबिनखाली बोटभर कापूस जमलेला मी पाहिला आहे. मोटारीचं मशीन असेल तर आधी प्लग काढा. सुई काढा, सुईखालची स्टीलची पट्टी उघडा, दात आणि शटलमधला भुसा जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने गंज धरतो. टेन्शनच्या चकत्यांमधेही दोऱ्याचे तंतू अडकतात. फूट वर करून सुती चिंधीची घडी मधून दोनदा ओढून काढा.

तेल फक्त शिलाई मशीनचं. खोबरेल तेल घालू नका. घरात हाताशी असतं म्हणून घातलं जातं, थंडीत ते थिजतं, काही महिन्यांनी चिकट होतं आणि त्यात भुसा बसून शटल जड होतं. अशी मशीन मी पुष्कळ पाहिली, आणि प्रत्येक वेळी शेवटी मेकॅनिकलाच ती खोलावी लागली. एकेका जागी एक थेंब पुरतो. त्यानंतर दहा मिनिटं चिंधीवर शिवा. पांढऱ्या गोधडीवर तेलाचा डाग पडला की निघायला फार त्रास देतो.

टेन्शन, सगळ्यात शेवटी

इथपर्यंतचं सगळं करूनही टाका बिघडत असेल तरच टेन्शनला हात लावा. वर लाल आणि खाली निळा दोरा लावा, गोधडीइतकेच थर घेऊन तुकडा शिवा. साध्या दोन थरांवर लावलेलं टेन्शन गोधडीवर टिकत नाही, म्हणून तुकडा तेवढाच जाड हवा. खाली लाल फासे दिसले तर वरचं टेन्शन एक आकडा वाढवा, वर निळे ठिपके दिसले तर कमी करा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा बोटभर शिवण. दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या मधे लपली की झालं.

बॉबिन केसचा स्क्रू हा माझ्या मते घरातला शेवटचा उपाय. फिरवायचाच असेल तर आधी त्याच्या खाचेची दिशा पेनने खूण करून ठेवा, आणि घड्याळात पाच मिनिटं सरकतील एवढाच फिरवा. केस सुटी निघणारी असेल तर दोऱ्याने लटकवून हलका झटका द्या. ती दोन-तीन बोटं खाली येऊन थांबली तर ताण बरोबर. सरसर खाली गेली तर सैल, हललीच नाही तर आवळ. स्क्रू पूर्ण बाहेर काढू नका. तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि फरशीवर पडला की सापडत नाही.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

चाक हाताने फिरत नसेल तर जोर लावू नका. शटलमधे दोरा अडकला असेल तर दिसेल तेवढा कापून काढा, तरी सुटलं नाही तर थांबा. जोराने फिरवलं की शटलची वेळ सरकते, आणि दहा मिनिटांच्या कामाचं मोठं काम होतं.

नवी, योग्य नंबरची सुई, नीट ओवलेला दोरा आणि साध्या सुती कापडाचे दोनच थर, एवढं असूनही टाके सुटत असतील तर सुई आणि शटल यांची वेळ चुकली आहे. गोधडीवर सुई मोडून हे बरेचदा होतं. ती वेळ घरी लावायचा प्रयत्न करू नका. फरक मिलिमीटरच्या अंशाचा असतो, आणि एक स्क्रू सैल केला की मूळ जागा परत मिळत नाही.

सुई पट्टीवर आपटत असेल, शटलच्या टोकावर किंवा पट्टीच्या भोकाला ओरखडा असेल, तरीही मेकॅनिकच. ओरखडा ओळखायला कापसाचा बोळा त्यावरून हलकेच फिरवा, तंतू अडकले तर ओरखडा आहे. पॉलिश पेपरने घासू नका, टोक बोथट झालं की शटलच बदलावं लागतं.

मोटारीचा जळका वास, खूप तापणारा पायाचा स्विच, हाताला झिणझिण्या: प्लग लगेच काढा आणि दुरुस्त होईपर्यंत परत लावू नका. यात स्वतः काही उघडून बघण्यासारखं नाही.

मेकॅनिककडे जाताना मशीनबरोबर तीन गोष्टी न्या: बिघडलेल्या शिवणीचा तुकडा, तुम्ही वापरता ती सुई आणि दोरा, आणि गोधडीइतक्याच थरांचा एक कोरा तुकडा. हा शेवटचा फार महत्त्वाचा. माझं मशीन एकदा दुरुस्तीहून दोन वेळा तसंच परत आलं, कारण दुकानात ते पातळ अस्तरावर चालवून बघत होते आणि अस्तरावर ते उत्तम चालत होतं. तिसऱ्या वेळी मी चार थरांचा तुकडा समोर ठेवला आणि यावर शिवून दाखवा म्हटलं. दुसऱ्याच टाक्याला दोष त्यांनाही दिसला, आणि अर्ध्या तासात वेळ लावून मिळाली.

मशीन दुकानात असताना बारसं आलं तर वाट बघू नका. थर जोडलेलेच आहेत. काठापासून सुरुवात करून आतल्या बाजूला चौकोनी फेरे घेत हाताने धावदोरा घाला, दोन फेऱ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा, टाका तांदळाएवढा. दोरा संपला की गाठ थरांच्या आत ओढून घ्या, वर ठेवू नका. दोघी समोरासमोर बसल्या तर बाळाची गोधडी तीन दुपारींत होते.